नाचरी बत्ती विझवली ती सकाळ

मी एक जुनी बत्ती आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. बाईला वय आणि इंजिनाला मैल विचारू नयेत. मी घरातली, माजघरातली बत्ती नव्हे. रेल्वेच्या इंजिनाच्या कपाळावर बसून मान हलवत धावणारी मी बत्ती. माझा उजेड एका जागी कधी ठरला नाही. इंग्रजी आठाचा आकडा आडवा झोपवला तर जसा दिसेल, तसा तो रुळांच्या या अंगाला, मग त्या अंगाला, सारखा फिरत असे. म्हणून सगळे मला नाचरी म्हणत. नाव ऐकून तुम्हाला वाटेल, मोठी मजेत गेली असेल हिची हयात. तसं नाही. मी जन्मभर घाबरत आले. अजूनही लांबून भोंगा ऐकू आला की माझी काच गार पडते.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. स्टाशा नावाच्या बाईने मला जोडलं. तिचे हात चुकत नसत आणि जीभ थांबत नसे. माझ्या पाठीत तिने मोटर बसवली, मोटरीला दातेरी चाकं लावली, चाकांना माझी मान बांधली आणि बटण दाबलं. माझा उजेड समोरच्या भिंतीवरून असा काही धावत सुटला की भिंतीवर कुणी चोर पळतोय असं मला वाटलं. मी थरथरले. शेजारचा कामगार हसला.

"स्टाशा, तुझी बत्ती स्वतःलाच घाबरली."

"घाबरू दे," ती म्हणाली. "भित्रं कुत्रं आधी भुंकतं. मला ढेकर देऊन झोपणारी बत्ती नको आहे."

एवढं बोलून तिने माझा स्क्रू आणखी एक वेढा आवळला.

मला नेब्रास्काच्या एका प्रवासी गाडीच्या इंजिनावर चढवलं. इंजिन डिझेलचं, नवंकोरं. माझ्या खालीच नेहमीचा मोठा दिवा होता. तो नाकासमोर बघणारा सज्जन. रूळ सोडून त्याने आयुष्यात काही पाहिलं नाही, म्हणून त्याला भीती ठाऊक नव्हती. मला मात्र दोन्हीकडे बघायचं काम. मका बघायचा, कुंपणं बघायची आणि रुळांवरून आडव्या जाणाऱ्या वाटा बघायच्या. त्या मुलखात अशा वाटांवर फाटक नसे, राखणदार नसे. पांढऱ्या फुलीची एक पाटी असे, झालं. ज्याचा जीव त्याने सांभाळावा.

आणि माणसं कशी सांभाळतात ते मी पाहिलं आहे. आरशात बघून भांग पाडणारा पाहिला. मागच्या बाकावरच्या पोरांना मारायला वळलेली आई पाहिली. गाडीच्या आधी आपण निघून जाऊ म्हणून पेडल दाबणारे तर रोजचेच. माझा उजेड त्यांच्या तोंडावरून फिरला की त्यांचे डोळे एकदम मोठे व्हायचे. ते डोळे पुढे मैलभर माझ्यासोबत यायचे. खालच्या सज्जनाला यातलं काही माहीत नव्हतं. तो आपला उजळत बसायचा.

आमचा ड्रायव्हर हेल्मर एकब्लाड. उंच, गोरा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावणारा. त्याच्या डाव्या हाताला बसायचा ड्यूई प्रुइट. डिझेलच्या इंजिनात कोळसा टाकायचा नसतो, तरी त्याला फायरमनच म्हणत. त्याचं काम डावीकडची बाजू बघायचं आणि हेल्मरला टोचून बोलायचं. माझ्या तारा त्यांच्या पायांखालून जात, म्हणून त्यांचं सगळं बोलणं मला कळे.

वाटेत तेरेझा नावाचं गाव लागे. युरोपातल्या बोहेमियातून आलेल्या लोकांची वस्ती. रुळांलगत धान्याचं एक उंच कोठार, आणि कोठाराच्या पायथ्याशीच रूळ ओलांडणारी वाट. सकाळी आम्ही तिथे न थांबता जायचो. संध्याकाळी परतताना दोन मिनिटं थांबायचो, आणि त्या दोन मिनिटांत लुडमिला वोंद्रा इंजिनापाशी येऊन उभी राहायची. ती हेल्मरची सासू. साठी उलटलेली, नवऱ्यामागे अठरा गाई एकटीने सांभाळणारी. रोज सकाळी जुन्या निळ्या ट्रकमध्ये सायीचे कॅन घालून ती डेअरीला जायची. डेअरी रुळांच्या पलीकडे.

"जावईबापू, हे घ्या," म्हणत ती फडक्यात बांधलेले खसखशीचे गोड पाव वर द्यायची. "माझी लेक व्लास्ता म्हणते, तुम्ही वाळलात. मला तर खिडकी पूर्ण भरलेली दिसते."

"काकू, माझ्यासाठी?" ड्यूई विचारायचा.

"तुला कशाला? तू काम काय करतोस? डावीकडे बघतोस. डावीकडे माझा बैलही बघतो."

एका संध्याकाळी हेल्मर खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "आई, त्या कोठाराचं भय वाटतं. सकाळी त्याच्या आडून आमची गाडी तुम्हाला दिसत नाही."

"ऐकूही येत नाही. माझा ट्रक तुमच्या इंजिनापेक्षा जास्त ओरडतो."

"मग माझ्या नाचरीवर नजर ठेवा. तिचा उजेड कोठाराच्या वरून आभाळात फिरतो. फिरताना दिसला की थांबायचं. नाही दिसला तर खुशाल या."

म्हातारीने माझ्याकडे वर बघितलं. बाजारात गाय पारखावी तसं बघितलं.

"शब्द देता?"

"दिला."

मित्रांनो, तोवर मी परक्यांसाठी घाबरत होते. आता एका ओळखीच्या बाईचा जीव माझ्या मानेला टांगला होता. दुसऱ्या दिवसापासून तेरेझा जवळ आलं की मी निळा ट्रक शोधायची. कोठारापाशी तो उभा दिसायचा. माझा उजेड त्याच्या काचेवरून गेला की म्हातारी आतून दोन बोटं वर करायची. मग कुठे मला बरं वाटायचं. दोन वर्षं हे असंच चाललं. तिने शब्द पाळला, हेल्मरने पाळला, मी पाळला.

आता चूक कुठे झाली ते सांगते. ती वाईट माणसाकडून झाली असती तर मला सांगायला सोपं गेलं असतं.

आमच्या मार्गावर दोन रूळजोड्या होत्या, जाणारी आणि येणारी. समोरून दुसरी गाडी आली की मोठा दिवा मंद करायचा आणि मला विझवायचं, असा नियम. समोरच्या ड्रायव्हरचे डोळे दिपू नयेत म्हणून. नियम बरोबर होता. समोरचं इंजिन बाजूने निघून गेलं की मला परत लावायचं, हेही त्यातच आलं.

पण मालगाडीच्या शेपटाला गार्डाचा डबा असतो. एकदा ड्रायव्हर लोकांच्या खाणावळीत एका म्हाताऱ्या गार्डाने सगळ्यांदेखत हेल्मरला हटकलं. "एकब्लाड, तुझी ती नाचरी माझ्या डोळ्यांत अर्धा तास फिरत राहते. तुझ्या आईने तुला वळण लावलं नाही वाटतं." सगळे हसले. हे ड्यूईने नंतर इंजिनात दहा वेळा घोळवून सांगितलं, म्हणून मला कळलं. हेल्मरला वळणाचा मोठा अभिमान. कान लाल झाले त्याचे. त्या दिवसापासून त्याने ठरवलं की मालगाडी पूर्ण जाईपर्यंत, अगदी गार्डाचा डबा जाईपर्यंत, नाचरी लावायची नाही. डबा आला की हा पुढच्या काचेतून हात हलवायचा, गार्डही हलवायचा, आणि मग मला लावायचा.

मालगाडी मैलभर लांब. तेवढा वेळ मी मुकी.

"इंजिन गेलं ना?" ड्यूई म्हणायचा. "लाव आता."

"गार्ड यायचाय अजून."

"गार्ड झोपलाय."

"झोपलेल्यालाही डोळे असतात."

"सासूलाही असतात," ड्यूई एकदा म्हणाला. तरी हेल्मर डब्याचीच वाट बघत राहिला. भला माणूस एकदा भलेपणाला पेटला की त्याला कोण अडवणार? मी रोज देवाला एवढंच म्हणायची, तेरेझापाशी मालगाडी नको. रानात भेटू दे, पुलावर भेटू दे, तेरेझापाशी नको.

नोव्हेंबरची सकाळ होती. मका कापून झालेला, रान उघडं आणि त्यावर धुकं. दुधात पाणी घातल्यासारखा उजेड. अशा धुक्यात माझं काम वाढतं, कारण माझा झोत आभाळभर पसरतो आणि लांबून कळतो. तेरेझा पाऊण मैलावर आलं. आणि समोरच्या धुक्यातून मालगाडीचा दिवा फुटला.

खट् आवाज झाला. मी विझले.

विझलेल्या बत्तीला दिसत नाही असं तुम्हाला वाटेल. दिसतं. फक्त बोलता येत नाही.

मालगाडीचं इंजिन डाव्या अंगाने धडधडत गेलं आणि त्याच्यामागे डब्यांची भिंत सुरू झाली. एक डबा, दुसरा, दहावा, विसावा. त्या भिंतीच्या पलीकडे कोठार, आणि कोठारापाशी ती. मला ती दिसत नव्हती, पण तिची वेळ मला पाठ होती. हेल्मरने भोंगा दिला, दोन लांब, एक आखूड, एक लांब. डब्यांच्या खडखडाटात तो भोंगा मलाच नीट ऐकू आला नाही, तर तिच्या फुटक्या ट्रकमध्ये काय ऐकू जाणार? ती आभाळाकडे बघत असणार. आभाळात माझा उजेड नव्हता.

"लाव," ड्यूई म्हणाला.

"थांब. शेपूट दिसतंय."

"हेल्मर, पुढे तेरेझाची वाट आहे."

"दोन सेकंद."

समोर पांढऱ्या फुलीची पाटी धुक्यातून वर आली. गार्डाचा लाल डबा वाटेवरून सरकला. हेल्मरने हात हलवायला काचेसमोर वर केला. आणि त्या लाल डब्याच्या मागून निळं नाक पुढे आलं. सावकाश. निर्धास्त. घरच्या अंगणात यावं तसं.

ड्यूई ओरडला नाही. त्याने उडी मारून हेल्मरच्या अंगावरून हात टाकला आणि माझं बटण दाबलं.

मी पेटले. पण थंडीने माझी मान आखडलेली. मोटर क्षणभर नुसतीच गुरगुरली आणि मग माझा पहिला फेरा गेला उजवीकडे. उजवीकडे रिकामं शेत. सगळ्या जगात जिथे कुणीच नव्हतं तिथे मी उजेड पाडत होते आणि मला मान वळवता येत नव्हती. माझी चाल चाकांच्या हातात. आयुष्यात एवढी लांब वाट मी कधी पाहिली नाही, त्या उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंतची. मग मी वळले. ट्रकची काच उजळली. काचेच्या आत तिचे डोळे मोठे झाले.

हेल्मरने ब्रेक पूर्ण ओढला. असा ब्रेक मारला की माझ्या तोंडावर आपोआप लाल काच पडते. सगळं जग लाल झालं. खाली कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि वाट मागे गेली.

मित्रांनो, मी पुढे बघणारी बत्ती. मागे काय झालं ते मला कधीच दिसत नाही.

गाडी चाकं किंचाळत जवळजवळ मैलभर घसरली आणि थांबली. मग इतकं शांत झालं की माझी मोटर मला ऐकू येऊ लागली.

"लागली का?" हेल्मरने विचारलं.

"मला दिसलं नाही."

"ती होती."

"मला माहीत आहे ती होती," ड्यूई म्हणाला. त्याने लाल बावटा उचलला आणि मागच्या दिशेने पळत सुटला. खडीवरचे त्याचे बूट ऐकू येत राहिले, मग तेही धुक्यात विरले.

हेल्मर जागचा हलला नाही. मी लाल तोंडाने मान हलवत राहिले. आणि तेव्हा मला दुसरं भय आठवलं. मालगाडी गेलेल्या रुळांवरून टपालाची गाडी यायची होती. ती वेळेची पक्की. मागे ट्रक आडवा पडला असेल, ती त्यात असेल, जिवंत असेल, तर ती टपालगाडी तिला जिवंत ठेवणार नव्हती. माझा लाल उजेड ज्यासाठी असतो ते हेच. शेजारच्या रुळावरून येणाऱ्याला सांगायचं की पुढे काहीतरी बिघडलंय, थांब. पण धुकं दाट. त्याने बघितलंच नाही तर? ड्रायव्हर पाव खात असला तर? माझा बल्ब आत्ताच गेला तर? मी उजवीकडे गेले, डावीकडे गेले. उजवीकडे, डावीकडे. पांढऱ्या धुक्यात एक पिवळा ठिपका दिसला. तो मोठा झाला. तो मोठाच होत गेला.

मग त्याच्या चाकांनी ओरडायला सुरुवात केली. ती गाडी आमच्या नाकाशेजारी येऊन थांबली. तिच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"काय झालंय?"

हेल्मरने न बघताच मागे हात दाखवला. आम्ही दोघंही एकाच गोष्टीची वाट बघत होतो आणि दोघांचीही मागे बघायची छाती नव्हती. माझी मान तरी वळत नाही. त्याची वळत होती.

बऱ्याच वेळाने मागून खडी वाजू लागली. ड्यूईचे बूट मला ओळखू येत. हे ते नव्हते. जड, एकसारखी पावलं. प्रवाशांनी खिडक्या उघडल्याचे आवाज आले. पावलं माझ्याखाली येऊन थांबली.

"हेल्मर."

तोंडातलं जावईबापू कुठल्या कुठे गळून पडलं होतं.

लुडमिला वोंद्रा उभी होती. डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला, हातात तिच्या ट्रकचा फुटलेला दिवा. तारा लोंबत होत्या. माझाच भाऊबंद तो. आमच्या इंजिनाच्या पायरीने ट्रकचं तेवढंच नाक उडवलं होतं. तिच्या मागे ड्यूई धापा टाकत उभा होता.

हेल्मर उतरला. तो तिच्यासमोर खडीवरच बसला.

"आज तुझी नाचरी कुठे होती?" ती म्हणाली.

"विझवली होती, आई. गार्डाचे डोळे दिपतात म्हणून."

"गार्डाचे."

"हो."

"मी कोठारापाशी थांबले. मालगाडी गेली. वर बघितलं. मनात म्हटलं, जावयाने शब्द दिलाय, दिवा नाही म्हणजे गाडी नाही. मी उजवीकडे बघितलंसुद्धा नाही, हेल्मर. तुझ्यावर सोडलं होतं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलू लागले. म्हातारीने फुटका दिवा काखेत धरला.

"ऊठ," ती म्हणाली. "ट्रक त्या रुळांवर आडवा बंद पडलाय. ढकलायला आठ माणसं लागतील. रडायचं ते घरी जाऊन व्लास्तापुढे रड."

तोवर टपालगाडीचा ड्रायव्हर खाली उतरला होता. त्याने ते ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपी काढून हातात धरली. ट्रक त्याच्याच रुळांवर होता.

हेल्मरने सगळं स्वतःहून साहेबांना सांगितलं. त्याला महिनाभर घरी बसवलं. परत आला तेव्हा पहिल्याच दिवशी खाणावळीत जाऊन तो त्या म्हाताऱ्या गार्डासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "यापुढे तुमचे डोळे दिपतील. पडदा लावून घ्या." त्यानंतर समोरचं इंजिन गेलं रे गेलं की तो मला लावायचा. कधीकधी अर्धा सेकंद आधीच.

पण म्हातारीचा माझ्यावरचा विश्वास गेला तो गेलाच. ती कोठारापाशी ट्रक थांबवायची, खाली उतरायची, चालत रुळांपर्यंत यायची, एकीकडे बघायची, दुसरीकडे बघायची, परत जाऊन ट्रकमध्ये बसायची. पावसात, बर्फात, रोज. गावातले लोक हसायचे. कुणी म्हणालं, काकू, एवढं काय ते. ती म्हणायची, "तुझे पाय दुखतात का? माझे आहेत, मी दुखवीन." माझा उजेड तिच्यावरून जायचा तेव्हा ती आता बोटं वर करत नसे. मला वाईट वाटायचं. पण रोज सकाळी ती तिथे उभी दिसायची, आणि मला दुसरं काही नको होतं.

पुढे माझे दिवस फिरले. माझ्या दातेरी चाकांना सारखं ग्रीस लागतं, मोटर सारखी जळते, असं वर्कशॉपातले म्हणू लागले. इंजिनांना खालच्या अंगाला दोन नवे, न हलणारे दिवे आले. स्वस्त आणि मुकाट. मला उतरवलं, माझ्या जागी पत्रा ठोकला आणि मला भंगाराच्या पेटीत टाकलं. तिथे मी किती वर्षं होते कोण जाणे. निवृत्त झालेल्या ड्यूईने मला शोधून काढलं. आता तो मला खोक्यात घालून शाळाशाळांतून नेतो, टेबलावर ठेवतो आणि लावतो. मुलं टाळ्या वाजवतात. मी त्यांच्या तोंडावरून उजेड फिरवते आणि मनातून चरकते, कारण त्यांतली निम्मी पोरं माझ्याकडे बघतच नाहीत, एकमेकांना चिमटे काढत असतात.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. रूळ ओलांडायला उभे असाल आणि समोरून एक गाडी निघून गेली, तर पाय उचलू नका. तिच्या आडून दुसरी येत असेल. थांबा. दोन्हीकडे बघा. दिवा दिसत नाही म्हणजे गाडी नाही, असं कुणी तुम्हाला सांगितलं, मग तो तुमच्या घरचा का असेना, तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि दुसऱ्याला सावध करणारी बत्ती कधी तुमच्या हाती आली, तर कुणाला बरं वाटावं म्हणून ती विझवू नका. ज्याचे डोळे दिपतील तो उद्या तुम्हाला शिव्या द्यायला जिवंत असेल. त्या शिव्या खा.

ड्यूई सांगतो, लुडमिला वोंद्रा एक्याण्णव वर्षं जगली. शेवटी ट्रक चालवता येईना, तर तिची लेक चालवायची, आणि ही रुळांपाशी आली की म्हणायची, "थांब, मला उतरव." काठी टेकत ती पुढे यायची आणि आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. घाई कसली आहे, व्लास्ता, म्हणायची. साय काही नासत नाही.